१२६ वरून १३० : एका जुन्या पोलादी सायकल-फ्रेमच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आज फक्त मापं घेतली. काही खोललं नाही, काही मागवलं नाही.

एक्सल ज्या खाचांमध्ये बसतो त्या मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर १२६ मिमी. म्हणजे फ्रेम सहा गिअरच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावर आट्याने चढणाऱ्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्याच्या) काळातली. पुढचं अंतर १०० मिमी, ते आजच्या साध्या क्विक रिलीज हबला, म्हणजे पान्याशिवाय सुटणाऱ्या चाकाच्या मधल्या भागाला, जसंच्या तसं चालतं. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा एक्सल जिथे फिरतो तो भाग) नळीची रुंदी ६८ मिमी. हँडलचा स्टेम फोर्कच्या नळीत उतरणारा, २२.२ मिमी जाडीचा. टायरवर २७ × १ १/४ लिहिलंय, म्हणजे आजच्या पद्धतीने ३२-६३०. ब्रेकच्या बोल्टपासून रबर टेकतं तिथपर्यंतचं अंतर पुढे ४८ मिमी, मागे ५० मिमी.

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर. पुढची प्रत्येक खरेदी त्यांच्याकडे बघून होणार. सायकलीच्या कामात पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त वाया जातो तो न बसणाऱ्या भागांवर, आणि चार-पाच मापांत ते टळतं.

हेतू असा: गेल्या काही दशकांत सायकलीच्या तंत्रात जे खरोखर चांगलं आलं, त्यातलं या फ्रेमला काय पचतं ते पाहायचं. फ्रेम कापायची नाही, वेल्डिंग करायचं नाही. प्रत्येक नव्या गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे. फ्रेम तिला जागा देते का? आणि ती बिघडली तर साध्या हत्यारांनी, दुसऱ्या कंपनीचा भाग लावून दुरुस्त होईल का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर ती गोष्ट घ्यायची.

फ्रेम तपासली. पुढच्या नळीच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवलं. सायकल समोरून जोरात आदळलेली असेल तर रंगाखाली तिथे हलकी लाट किंवा फुगवटा लागतो. इथे सपाट आहे. बीबीच्या तळाला गंज आहे, पण वरवरचा. ड्रॉपआउटच्या सांध्यांवर तडा नाही.

८ जानेवारी

सीट पोस्ट आणि स्टेम. दोन्ही धरलेले होते, जुन्या सायकलीत असतातच. ॲल्युमिनियमची पोस्ट पोलादी नळीत ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिली की ओल धरून ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पोस्ट आवळली जाते. तोंडाशी गंज सोडवणारं तेल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. फ्रेम उलटी करून बीबीकडूनही तेल सोडता येतं, तोही मार्ग वापरला. सकाळी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी फिरवली. सरळ वर ओढत बसण्यापेक्षा फिरवण्याने हा थर तुटतो.

स्टेमचं तंत्र वेगळं. वरचा लांब बोल्ट पूर्ण काढायचा नाही. तीन-चार फेरे सैल करायचा आणि त्याच्या डोक्यावर लाकडी हातोडीने एक नेमका ठोका द्यायचा. खालची पाचर सुटते आणि स्टेम मोकळा होतो. बोल्ट आधीच काढून टाकला तर ठोका द्यायला काही उरत नाही.

हेडसेटचे, म्हणजे फोर्क ज्यावर वळतो त्या बेअरिंगचे, छर्रे काढले, कप पुसले. कपांवर खड्डे नाहीत. नवे छर्रे, नवं ग्रीस, काम संपलं.

१२ जानेवारी

बीबी. इथे घाई करून चालत नाही, कारण चूक झाली तर आटे फ्रेमचे जातात.

६८ मिमी रुंदीवरून आटे इंग्रजी पद्धतीचे असावेत असं वाटतं, पण तेवढ्यावर विसंबू नये. जुन्या फ्रेंच फ्रेमही ६८ मिमीच्या असतात आणि त्यांचे आटे ३५ मिमी × १ मिमी असतात. इंग्रजी म्हणजे १.३७ इंच, इंचाला २४ आटे. व्यास इतके जवळ की एकाचा कप दुसऱ्यात जबरदस्तीने एखादा फेरा जातो आणि आटे खातो. उजवा कप घासून स्वच्छ केल्यावर ‘१.३७ × २४’ हा शिक्का दिसला. आता खात्री. इंग्रजी पद्धतीत उजवीकडचे आटे उलटे, म्हणून तो कप सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. इटालियन फ्रेममध्ये दोन्हीकडे सुलटे आटे आणि नळी ७० मिमी. हे माहीत नसेल तर माणूस कप सोडवतोय असं समजून आवळत राहतो.

आत दोन्हीकडे पाव इंची छर्रे, अकरा-अकरा. एक्सलवर छर्ऱ्यांची वाट खरवडलेली, बोटाला लागते. अशा एक्सलला कितीही नवं ग्रीस भरलं तरी तो पुन्हा खरखरणार. त्या जागी सीलबंद कार्ट्रिज बसवली. एक्सलचा प्रकार मात्र चौकोनी टोकाचाच ठेवला, कारण जुना क्रँक (पायडलचा दांडा) सरळ आहे आणि त्याचे दातेही चांगले आहेत. एक्सलची लांबी चेनलाइनवरून ठरवली: फ्रेमच्या मधल्या रेषेपासून पुढच्या दोन चकत्यांच्या मध्यापर्यंत ४३.५ मिमी हे रोड सायकलचं रूढ माप. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा. चौकोनी टोकांचे जपानी आणि आयएसओ असे दोन प्रकार असतात. उतार एकच, पण आयएसओचं टोक बारीक. जपानी पद्धतीचा क्रँक आयएसओ एक्सलवर चढवला तर तो सुमारे ४.५ मिमी जास्त आत जातो आणि चकती चेनस्टेला (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) घासू शकते.

आट्यांना ग्रीस भरपूर लावलं. क्रँकचे बोल्ट ४० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्यानेच. चौकोनी टोकाचा क्रँक सैल राहून चालवला गेला तर त्याचं ॲल्युमिनियमचं भोक गोलावतं, आणि मग तो क्रँक कशानेही घट्ट बसत नाही.

या भागाचा इतिहास मला फार बोलका वाटतो. वजन आणि कडकपणा यांच्या मागे लागून उद्योगाने आट्यांच्या जागी दाबून बसवायचे बेअरिंग आणले. नळीची भोकं एका रेषेत नसली की ते करकर वाजू लागले. आज अनेक चांगल्या कंपन्या आट्यांकडे परतल्यात, काही जुन्याच इंग्रजी मापाकडे तर काही मोठ्या व्यासाच्या टी-४७ कडे. आट्याचा कप हातातल्या पान्याने निघतो आणि पुन्हा त्याच जागी नेमका बसतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी हे सातत्याने सांगितलं, आणि शेवटी ते ऐकलं गेलं.

१९ जानेवारी

आजचं काम या सगळ्या प्रकल्पाचं मूळ: मागचं अंतर १२६ वरून १३० मिमी.

हे फक्त पोलादी फ्रेमला. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम अशी कधीही ताणू नये. ॲल्युमिनियम वाकवल्यावर आत तडे धरतं, कार्बन थेट फुटतं. पोलाद मात्र एका मर्यादेपर्यंत वाकून परत येतं, आणि ती ओलांडली की नव्या जागी शांत राहतं. एवढ्या चार मिलिमीटरसाठी काही जण फ्रेम वाकवतच नाहीत, हाताने फाकवून हब घुसवतात. चालतं, पण दर पंक्चरला तीच झटापट, आणि ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नसल्याने एक्सलवर कायमचा वाकडा ताण.

आधी फ्रेम सरळ आहे का ते दोऱ्याने पाहिलं. एका ड्रॉपआउटला दोरा बांधायचा, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत आणून ताणायचा. मग सीट ट्यूबपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. सारखं आलं तर मागचा त्रिकोण मध्यावर आहे. अमेरिकी मेकॅनिक शेल्डन ब्राऊन (१९४४ ते २००८) यांनी ही पद्धत घरोघरच्या सायकलप्रेमींपर्यंत पोचवली. एक दोरा आणि एक पट्टी, एवढंच भांडवल. आमच्या फ्रेमची दोन्ही अंतरं सारखी निघाली.

मग दोन्ही बाजू दोन-दोन मिमी बाहेर काढायच्या. आटे पाडलेल्या सळईवर नट फिरवून दोन्ही एकदम फाकवण्याचा मोह होतो, पण त्यात जी बाजू मऊ ती जास्त जाते आणि मध्य बिघडतो. म्हणून एकेक बाजू स्वतंत्र. लांब लाकडी फळी मागच्या त्रिकोणातून घालून सीट ट्यूबला कापडाची जाड घडी लावून टेकवली आणि ड्रॉपआउट आतून बाहेर तरफेने दाबला. पोलाद परत येतं, त्यामुळे दोन मिलिमीटर मिळवायला त्याहून बरंच पुढे न्यावं लागतं. थोडं दाबायचं, सोडायचं, मोजायचं. प्रत्येक खेपेला दोरा. चेनस्टेमधल्या छोट्या आडव्या नळीच्या सांध्यावर सतत नजर ठेवली, कारण हिसका बसला तर पहिलं ब्रेझिंग, म्हणजे सांध्याची झाळ, तिथलं सुटतं.

शेवटचं काम ड्रॉपआउट समांतर करण्याचं. दोन दांडे दोन्ही खाचांत आवळले की त्यांची आतली टोकं समोरासमोर येतात, आणि किती तिरकेपणा आहे ते उघड दिसतं. टोकं जुळेपर्यंत दांड्यानेच ड्रॉपआउट वळवले. अंतर १३० मिमी, दोऱ्याचं माप दोन्हीकडे सारखं. फ्रेमची पुढची चाळीस वर्षं आज मोकळी झाली असं वाटलं.

२ फेब्रुवारी

चाकं. ६३० च्या जागी ६२२, म्हणजे ७००सी. जुनं माप वाईट नव्हतं, पण त्या मापात चांगला टायर मिळणं कमी कमी होत चाललंय, उलट ६२२ मध्ये निवडीला तोटा नाही. व्यासात ८ मिमी फरक, त्रिज्येत ४. म्हणून ब्रेकचं रबर ४ मिमी खाली उतरावं लागेल आणि टायरच्या डोक्यावर ४ मिमी जागा जास्त मिळेल. दुसरी गोष्ट फुकटचा लाभ.

जुन्या मागच्या हबचा एक्सल वाकलेला निघाला. हा त्या रचनेचाच गुण. फ्रीव्हील हबवर आट्याने चढतं, त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराविना पडतो. जपानी कंपनी शिमानोने १९७८ मध्ये फ्रीहब आणला, त्यात फिरणारी यंत्रणा हबच्या अंगातच घेतली आणि बेअरिंग ड्रॉपआउटजवळ सरकवलं. मला विचाराल तर सायकलीतल्या मोठ्या सुधारणांमध्ये हिची गणना व्हायला हवी, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

हब निवडताना फ्रीहबची लांबी पाहिली. ११ गिअरचा रोड फ्रीहब जुन्या ८-९-१० गिअरच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिमी लांब असतो. त्याच जाडीचं कडं मागे घातलं की ८ गिअरची कॅसेटही (फ्रीहबवर सरकवून बसवायचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) त्यावर बसते. उद्या ११ कडे जायचं ठरलं तर चाक तेच राहील, म्हणून तोच घेतला. याची किंमत म्हणजे उजवा फ्लँज (हबची स्पोक धरणारी कड) आणखी मध्याकडे सरकतो आणि डाव्या-उजव्या स्पोकच्या ताणातला फरक वाढतो. त्यावर उतारा आहे तो अलीकडच्या एकाकडे कललेल्या रिमचा. तिची स्पोकची भोकं मध्यापासून दोन-तीन मिमी बाजूला असतात, त्यामुळे डाव्या बाजूला पुरेसा ताण धरता येतो. मागे तशी रिम लावली. हा नवा बदल मला मनापासून पटलेला. काही न वाढवता, फक्त भोकं सरकवून चाक मजबूत होतं.

३२ स्पोक, तीन फुल्या (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडतो), मधे १.८ आणि टोकांना २ मिमी जाडीचे. बारीक मध्य थोडा लवचीक असतो, म्हणून खड्ड्यात चाक दबलं तरी स्पोक पूर्ण सैल पडत नाही आणि निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचा नट) सुटत नाही. स्पोक तुटतो तो बहुधा एकदा सैल, एकदा ताठ असं होत राहून वळणाशी थकल्याने.

चाकाचा आउट (वाकडेपणा) काढताना क्रम पाळला: आधी उंचसखलपणा, मग डावी-उजवी, मग रिम मध्यावर, आणि पुन्हा पहिल्यापासून. निपल अर्ध्या फेऱ्याहून जास्त एकदम नाही. उजवीकडे ताण ११५ किलोग्रॅम-बलाच्या आसपास ठेवला. ताणमापक आहे, तरी कानही वापरला. एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडत गेलं की तंबोऱ्यासारखं वेगळी बोलणारी तार लगेच कळते, आणि एका बाजूच्या ताणातला सारखेपणा हेच चाकाच्या आयुष्याचं गमक. मधून मधून समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत घट्ट आवळल्या. त्याने स्पोकची वळणं फ्लँजवर नीट बसतात आणि पहिल्या दिवशी चाक ‘टिक टिक’ करत पुन्हा आउट जात नाही.

५ फेब्रुवारी

टायर ३२ मिमी. वर सांगितलेल्या ४ मिमीमुळे हा टायर आरामात फिरतो, मडगार्डलाही जागा उरते.

रुंद टायर आणि कमी हवा ही या काळातली सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि तिचा फायदा जुन्या फ्रेमला थेट होतो. पूर्वी समज होता की टायर जितका बारीक आणि कडक तितका वेगवान. गुळगुळीत पोलादी ड्रमवर चाचणी घेतली की तसं दिसतंही. खऱ्या रस्त्यावर मात्र कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि स्वार दोघांना उचलतो, आणि ती उचलण्याची ऊर्जा शरीराच्या थरथरीत विरते. मऊ टायर खडा पोटात घेतो. शर्यतीतले स्वारसुद्धा २३ मिमीवरून २५ वर, आणि आता २८ व त्यापुढे गेले ते याच कारणाने.

सायकल आणि मी मिळून ८५ किलोच्या आसपास. मागे ५८ पीएसआय, पुढे ५२ पासून सुरुवात. पुढे वजन कमी पडतं, म्हणून दोन्हीकडे सारखी हवा भरणं बरोबर नाही. रिमला आकडे आहेत, म्हणजे कडेची ओठासारखी आतली वळणं, जी टायरची कड धरून ठेवतात. आकडे नसलेल्या रिम हल्ली येतात. त्यांची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, आणि टायरही त्यासाठी मान्य केलेलाच लागतो. अशी रिम कुणी वापरत असेल तर पंपाचा काटा दर वेळी पाहावा. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तिथे सवलत नाही.

ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबऐवजी भोक बुजवणारा द्रव (सीलंट) भरलेला टायर, घेतला नाही. दोन-तीन बारला चालणाऱ्या रुंद ग्रॅव्हल टायरमध्ये सीलंट अप्रतिम काम करतं. चार बारला मात्र भोकातून तो फवारून जातो आणि बसायला वेळ लागतो. शिवाय काही महिन्यांत वाळतो, मग आतला थर खरवडून पुन्हा भरायचा. इथे ब्यूटाइल ट्यूबच बरी. सुटी ट्यूब म्हणून पिशवीत टीपीयूची (पातळ प्लॅस्टिकची) ठेवली, ती घडी केल्यावर मुठीत मावते. टायरबाहेर तिला हवा भरून पाहू नये. ती एकदा ताणली गेली की परत मूळ आकारात येत नाही.

९ फेब्रुवारी

ब्रेक. आता लागणारी पोच, म्हणजे ब्रेकच्या बोल्टपासून रबरापर्यंतचं अंतर, पुढे ५२, मागे ५४ मिमी. ४७ ते ५७ मिमी पोचेचे दुहेरी कीलकाचे कॅलिपर (ब्रेकचे चिमटे) मिळतात, ते बसले. विकत घेताना नट बाहेर राहणाऱ्या प्रकारचे पाहिले. आजचे बहुतेक कॅलिपर आत बुडणाऱ्या नटाचे असतात, त्याला मागच्या बाजूने ८ मिमी भोक लागतं, आणि जुन्या फोर्कला ६ मिमीचंच आरपार भोक असतं. भोक मोठं करून देणारे आहेत. मी फोर्कच्या डोक्याला ड्रिल लावणार नाही.

रबर रिमवर बसवताना पुढचं टोक मागच्यापेक्षा एक मिमी आधी टेकेल असं ठेवलं, म्हणजे किंचाळत नाही. दर पावसाळी फेरीनंतर रबराच्या तोंडात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टोकदार सुईने काढावेत, नाहीतर ते रिमला चरे पाडत राहतात. रिमच्या ब्रेकच्या पट्ट्यावर झीज दाखवणारी खाच असेल तर ती अधूनमधून बोटाने चाचपावी. खाच गेली, रिम संपली.

जुन्या क्रोम चढवलेल्या पोलादी रिमवर पावसात ब्रेक जवळपास लागतच नव्हता. ॲल्युमिनियमच्या रिमवर हा फरक पहिल्याच ओल्या रस्त्यावर कळतो.

डिस्कचा विचार केला का? केला, आणि आदराने बाजूला ठेवला. डिस्क ब्रेक ओल्यात चांगला, उतारावर हाताला हलका, आणि रिम झिजत नाही. सायकल शर्यतींची जागतिक संघटना यूसीआय हिने २०१८ मध्ये रोड शर्यतींना त्याची कायम मान्यता दिली तेव्हा वाद संपला. पण डिस्कचा सगळा झटका फोर्कच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाला बसतो, आणि हा फोर्क त्यासाठी घडवलेला नाही. रिम ब्रेकमध्ये तोच भार वरच्या डोक्याशी जातो, जिथे धातू भरपूर आहे. शिवाय डिस्कच्या जोराने पुढचं चाक खाचेतून बाहेर ढकललं जाऊ शकतं. आरपार १२ मिमीचा एक्सल रूढ झाला त्यामागे हेही एक कारण. म्हणजे डिस्क घ्यायची तर फोर्क, हब आणि एक्सल सगळंच बदलायचं. मग ही फ्रेम उरत नाही.

ज्यांच्याकडे हायड्रॉलिक डिस्क आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट नोंदवतो: डॉट द्रव आणि मिनरल ऑइल यांची सरमिसळ कधीही करू नये. एकाचे सील दुसऱ्यात फुगतात किंवा खराब होतात. लिव्हरवर किंवा झाकणावर लिहिलेलं असतं, ते वाचूनच बाटली उघडावी.

१६ फेब्रुवारी

गिअर. मागे ८.

हा निर्णय सगळ्यात जास्त विचार करून घेतला. १९८४ मध्ये शिमानोच्या ड्युरा-एस या शर्यतीच्या संचात ठरावीक टप्प्याला थांबणारा लिव्हर आला आणि गिअर कानाने शोधायची गरज संपली. पुढे मागच्या दातेरी चकत्यांची (त्यांनाच इथे ‘दाते’ म्हटलंय) संख्या वाढत गेली, तशी प्रत्येकातली जागा आकसली. ८ गिअरच्या कॅसेटमध्ये एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंत ४.८ मिमी, शिमानोच्या ११ गिअरमध्ये ३.७४. जागा जितकी कमी, तितकी केबलच्या घर्षणाची, वाकलेल्या हँगरची (चेन सरकवणारा डिरेलर जिथे लटकतो तो भाग), धुळीची माफी कमी. ४.८ मिमीमध्ये अर्धा मिमी चुकलं तरी गिअर पडतो. जोड-सुटीवर सायकल दूर नेणाऱ्याला हे समाधान मोठं आहे. चेनही जाड, बाहेरून सुमारे ७ मिमी, आणि तिची कडी हाताने अनेकदा उघडबंद करता येते.

लिव्हर असा घेतला की कळ फिरवली की टप्पे बंद होतात आणि तो जुन्या घर्षणाच्या पद्धतीने चालतो. डिरेलर आपटून बिघडला तरी घरी येता येतं.

इलेक्ट्रॉनिक गिअरबद्दल माझ्या मनात अढी नाही. ड्युरा-एस डीआय-२ २००९ मध्ये आलं, स्रॅम या अमेरिकी कंपनीचं बिनतारी ई-टॅप २०१५ मध्ये. केबल नाही म्हणजे केबल गंजणं नाही, आणि ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे त्यांना हलक्या कळीवर गिअर टाकता येणं ही खरी सोय. पण माझ्या दुसऱ्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. एका कंपनीची कळ दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरशी बोलत नाही. केबल मात्र कुणाचीही कुणालाही चालते, एका टप्प्याला केबल किती ओढली जाते ते जुळलं की झालं.

हँगर हा अजून एक भाग जिथे उद्योगाने शहाणपण दाखवलं. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेमला सुटा हँगर असतो आणि त्याचे शेकडो आकार झाले होते. हवा तोच सापडला नाही की सायकल आठवडाभर उभी. स्रॅमने २०१९ मध्ये एकच सामाईक हँगर आणला आणि इतर फ्रेम बनवणाऱ्यांनाही तो वापरू दिला. आमच्या फ्रेमचा हँगर ड्रॉपआउटचाच भाग आहे, पोलादी. वाकला तर सरळ करता येतो. भोकात दांडा बसवून त्याचं टोक रिमच्या एकाच बिंदूपाशी, व्हॉल्व्हपाशी, चारही दिशांना आणून अंतर मोजलं. खाली ५ मिमीचा फरक होता, काढला. गिअर नीट बसत नसतील तर स्क्रूंना हात लावायच्या आधी हे तपासावं. वाकड्या हँगरवर कोणतंही ट्युनिंग टिकत नाही.

चेनची लांबी: डिरेलरमधून न घालता सगळ्यात मोठ्या दात्यांवरून चेन फिरवायची आणि जुळेल तिथून एक इंच जास्त ठेवायची. मग क्रम असा. केबल जोडण्याआधी ‘एच’ स्क्रूने सगळ्यात लहान दात्याशी डिरेलरची वरची चकती सरळ रेषेत. हाताने ढकलून मोठ्या दात्यावर नेऊन ‘एल’ स्क्रू, म्हणजे चेन स्पोकमध्ये जाणार नाही. नंतरच केबल, आणि बॅरलच्या (केबलचा ताण जुळवणाऱ्या फिरकीच्या) पाव-पाव फेऱ्यांनी ताण. मोठ्या दात्याकडे जायला आळस करत असेल तर केबल आवळायची, परत यायला करत असेल तर सैल सोडायची. कॅसेटचं कडं ४० न्यूटन-मीटरला.

१८ फेब्रुवारी

चेनला मेण.

तेल लावलेली चेन धूळ धरते, धूळ आणि तेल मिळून घासणारा लेप होतो, आणि तो पिन आणि रोलरच्या मधे जाऊन बसतो. चेन ‘ताणली गेली’ म्हणतात ते खरं तर ताणणं नसतंच. पट्ट्या लांबत नाहीत. पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते. मेण थंड झाल्यावर कोरडं असतं, धूळ त्याला चिकटत नाही.

नव्या चेनला कारखान्याचं ग्रीस असतं, ते पूर्ण काढणं हेच खरं काम. झाकणाच्या बरणीत टर्पेंटाइन घालून हलवायचं, ओतायचं, नवं घालायचं, स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी स्पिरिटने खळबळून पातळ थरही काढायचा आणि वाळवायचं. थोडं जरी ग्रीस राहिलं तरी मेण धरत नाही. मेण पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवायचं. थेट ज्योतीवर कधीच नाही, मेण पेट घेतं. चेन आत सोडली की बुडबुडे येतात. ते थांबले म्हणजे मेण पिनांपर्यंत पोचलं. बाहेर काढून टांगायची, थंड झाली की कडक पडलेले सांधे एकेक करून वाकवून मोकळे करायचे.

कोरड्या रस्त्यावर साधारण ३०० किलोमीटरला पुन्हा मेण. पाऊस लागला तर त्याच दिवशी पुसून वाळवायची आणि लवकर पुन्हा मेणात सोडायची, कारण मेण गंजापासून तेलाइतकं वाचवत नाही. सतत ओल्यात सायकल चालवणाऱ्याला मी तेलच सुचवेन, दर फेरीनंतर पुसायच्या अटीवर.

२३ फेब्रुवारी

पहिल्या लांब फेरीत चढावर करकर. असा आवाज जिथून येतो असं वाटतं तिथून बहुधा येत नसतो, फ्रेम तो फिरवते. म्हणून एकेक शक्यता वगळली. उभं राहून पायडल मारलं, आवाज कायम, म्हणजे सीट नाही. हँडल न ओढता मारलं, कायम, म्हणजे स्टेम नाही. पायडलचे आटे ग्रीस करून बसवले (डावं पायडल उलट्या आट्यांचं), तरी कायम. पुढच्या चकत्यांचे पाच बोल्ट कोरडे निघाले. काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवले. बंद झाला.

केबलचं आवरण टोकांशी बसून घेतलं होतं, त्यामुळे गिअर किंचित सरकले. बॅरल अर्धा फेरा. मागचं चाक अजून सरळ. स्पोकवर बोट फिरवलं, एकही सैल नाही.

८ जून

चेन मोजली. झीज मोजायचं साधं साधन म्हणजे पोलादी पट्टी. चेनची एक कडी अर्धा इंच, म्हणून २४ कड्यांचं माप पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३०४.८ मिमी. ते ३०६.३ झालं म्हणजे अर्धा टक्का झीज. ११-१२ गिअरची चेन तिथेच बदलावी. ८ गिअरची पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे ३०७.१ पर्यंत चालते. त्यापुढे चेन कॅसेटचे दाते आपल्या मापाचे करून घेते, आणि मग नवी चेन त्यांवर घसरते. बाजारातली काही मापकं रोलरची ढिलाईही मोजतात आणि झीज जास्त दाखवतात. पट्टी फक्त पिना मोजते. आमची चेन ३०५ च्या जरा पुढे आहे.

ब्रेकचं रबर समान झिजतंय. पुढची हवा ५० वर आणली, खडबडीत रस्त्यावर पकड सुधारली.

आता पुढच्या चाकात डायनॅमो हब घालायचा आहे. ६ व्होल्ट, ३ वॉट, १०० मिमी रुंदीचा, म्हणजे फोर्कला काहीच सांगावं लागणार नाही. रिम तीच राहील, पण हबचे फ्लँज मोठे असल्याने सध्याचे स्पोक लांब पडतील. फ्लँजचे व्यास, मध्यापासूनची अंतरं आणि रिमचा आतला व्यास वहीत लिहिलाय. लांबीचं गणित दोनदा करून स्पोक मागवणार.